स्वयंपाकघराचा ओटा : दगड पारखून घ्यावा, मापून घ्यावा

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक पहिल्याने काय करते? कापड चिमटीत धरून चोळून पाहते. मग उजेडात नेते. मग रंग जाईल का म्हणून विचारते. पन्हा किती, मीटर किती लागेल, हे तर कधी शाळेत न गेलेली बाईसुद्धा बिनचूक सांगते. पण हेच गिऱ्हाईक दगडाच्या गुदामात गेले की गप्प बसते. चकाकणारी काळी लादी पाहते, भाव विचारते, थोडी घासाघीस करते आणि पैसे मोजून मोकळे होते. पाचशे रुपयांच्या कापडाला जेवढी पारख लावतो, तेवढी हजारो रुपयांच्या ओट्याला लावत नाही.

दुसऱ्याला कशाला नाव ठेवू, मीही तेच केले. समुद्रपूरच्या आमच्या जुन्या घरातील स्वयंपाकघर नव्याने करायला काढले, तेव्हा जन्मभर कापड मोजणारा माणूस दगड मोजायला विसरला. एका गुदामातून काळी लादी आणली. बिलात जाडी १८ एमएम लिहिलेली. घरी आल्यावर पट्टी लावली तर एका कडेला १६ आणि दुसऱ्या कडेला १५. दोन महिन्यांत शेगडीजवळचा काळा रंग राखाडी पडला. पत्नीने एवढेच विचारले, "दुकानात असा माल तुम्ही घेतला असता का?" उत्तर नव्हते. त्यानंतर मिस्त्री लोकांजवळ, पॉलिशवाल्यांजवळ आणि एक-दोन सरळ गुदामवाल्यांजवळ बसून जे शिकलो, ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो. घर सर्वांनाच आहे, आणि या धंद्यात आपले कारागीरही पुष्कळ आहेत.

आपला दगड आणि बाहेरचा दगड

पुष्कळांना प्रश्न पडतो की आपल्या तालुक्यात पावलोपावली काळा दगड आहे, मग ओट्यासाठी आंध्रातून आणि राजस्थानातून दगड कशाला आणायचा? आपला दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर थिजला, त्याचा हा दगड. मजबूत आहेच. आजीचा पाटा-वरवंटा, जाते, विहिरीचे बांधकाम याच दगडाचे. पण लाव्हा थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या. म्हणून खाणीतून आठ-दहा फुटांचा अखंड ठोकळा सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी त्यात पोकळ्या निघतात. त्यामुळे हा दगड गिट्टी होऊन रस्त्यावर जातो, लादी होऊन स्वयंपाकघरात येत नाही.

या पोकळ्यांमध्ये पांढरट खनिज भरलेले असते, त्याला झिओलाइट म्हणतात. आपल्या तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे सापडणारे गोल गोल दगड म्हणजे हेच झिओलाइटचे गोळे. लोकांत त्याची गोष्ट वेगळी सांगतात आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. दोन फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी संताची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल, नारळ वगैरे, दगड होऊन गेला. माफी मागितल्यावर संताने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. व्यापाऱ्याचा माल दगड होणे ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली ती हसत हसत. दगडाच्या गुदामात पैसे गेल्यावर पुन्हा आठवली.

असो. बाहेरून येणाऱ्या दगडांत आपल्या भागात सर्वांत जुना ओळखीचा म्हणजे कडप्पा. आंध्र प्रदेशातील कडपा जिल्ह्यावरून हे नाव पडले. रंग काळा, भाव कमी, म्हणून लोक त्याला ग्रॅनाइटचा गरीब भाऊ समजतात. ते चूक आहे. दोघांचे काहीही नाते नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, समुद्राच्या तळाशी गाळ साचून थराथराने बनलेला. फरशीसाठी वापरतो ते शहाबाद आणि कोटा हेही चुनखडीचेच. संगमरवरही मुळात चुनखडीच, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने पालटलेली. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा संगमरवर कितीही उंची असला तरी स्वयंपाकघरात त्याचा स्वभाव कडप्प्यासारखाच, कारण चुना आणि आंबट यांचे वैर आहे. लिंबू, चिंच, दही, सिरका, टोमॅटो, यांचा थेंब पडून राहिला की पॉलिश खाल्ली जाते आणि तिथे फिकट डाग बसतो. हा डाग घासून जात नाही. तो डाग नसतोच, दगडच तेवढा झिजलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात चिंच-लिंबाशिवाय एक दिवस जात नाही, त्यामुळे ओट्याच्या वरच्या बाजूला संगमरवर लावणे म्हणजे मांडवात मलमल अंथरणे.

मग कडप्पा टाकाऊ का? मुळीच नाही. ओट्याखालच्या उभ्या भिंती, आतले कप्पे, डबे ठेवायच्या फळ्या, यासाठी कडप्प्यासारखा स्वस्त आणि मजबूत दगड नाही. लाकडाला वाळवी लागते, प्लायवूड पाण्याने फुगते, कडप्प्याला यातले काही होत नाही. फक्त घेताना कडेने पाहावे. थरांचा दगड असल्याने कधी कधी पापुद्रे सुटलेले असतात. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले तर चांगली लादी टणक वाजते, पापुद्रा सुटलेली बद्द वाजते. मातीची मडकी घेताना आपण वाजवतो तसेच.

वरच्या बाजूला मात्र ग्रॅनाइटच. हा लाव्हाचाच भाऊ, पण जमिनीच्या आत हळूहळू थंड झालेला, म्हणून दाणेदार आणि घट्ट. दगडाचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी एक श्रेणी आहे. तिच्यात चुनखडी आणि संगमरवर ३ वर येतात, पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास आणि ग्रॅनाइटमधील मुख्य खनिजे ६ ते ७ वर. म्हणजे सुरीचा चरा कडप्प्यावर उठतो, ग्रॅनाइटवर सहसा उठत नाही. आंध्र-तेलंगणाकडचा माल हैदराबाद-नागपूर महामार्गाने येतो. जामच्या चौकात थोडा वेळ उभे राहा, लाद्या उभ्या बांधलेले ट्रक दिसतील. करीमनगरचा तपकिरी, ज्याला बाजारात टॅन ब्राऊन म्हणतात, तो तिकडचा. सोनेरी ठिपक्यांचा काळा, म्हणजे ब्लॅक गॅलेक्सी, हा ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीच्या खाणींतून निघतो आणि साऱ्या जगात जातो. ते ठिपके सोन्याचे नव्हेत, ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे आहेत. शास्त्राप्रमाणे हा दगड ग्रॅनाइटही नाही, पण बाजार प्रत्येक कठीण चकाकत्या दगडाला ग्रॅनाइटच म्हणतो. राजस्थानातील जालोरचा मालही येतो.

फिकट रंगाचा ग्रॅनाइट घ्यायचा मोह नवीन पिढीला फार आहे. दिसतो छान. पण फिकट दगडांपैकी काही पाणी आणि तेल जास्त पितात, आणि काहींत लोहाचा अंश असल्याने पुढे पिवळसर गंजाचे ठिपके उमटतात. हळद आणि तेलाच्या घरात गडद दगड बरा, असे माझे मत आहे.

आता शहरातून क्वार्ट्झची हवा आपल्याकडेही आली आहे. हा खाणीतला दगड नव्हे, कारखान्यातला आहे. क्वार्ट्झचा चुरा नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त, बाकी राळ म्हणजे रेझिन आणि रंग, असे दाबून त्याची लादी बनवतात. डाग पित नाही, रंग एकसारखा, हे त्याचे गुण. पण राळेला आच सोसत नाही. शेगडीवरून उतरवलेली देगची थेट ठेवली की पिवळा चट्टा पडू शकतो, आणि तो निघत नाही. ज्या घरात पन्नास माणसांचे जेवण घरीच शिजते, तिथे हा दगड जपून वापरावा लागेल. त्याचा आणखी एक मोठा दोष आहे, तो खाली येईलच.

पारख कशी करावी

कापड विकणाऱ्याला खळ माहीत असते. विरळ कापडाला खळ लावून कडक केले की ते भारी दिसते, पहिल्या धुण्यात खरे रूप उघडे पडते. दगडालाही खळ असते. फटी आणि बारीक छिद्रे राळेने भरतात, वर मेण चोळतात, आणि राखाडी दगड काळ्या रंगात रंगवून उंची काळा म्हणून विकतात. माझ्या ओट्याचे तेच झाले होते.

यावर उपाय सोपा आहे. खिशात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा आणि लहान बाटलीत थिनर न्यावे. लादीच्या कोपऱ्यावर थिनरचे बोळे जोराने घासावे. कापड काळे झाले तर लादी रंगवलेली आहे. लाल छिटाचा रंग पाहताना आपण ओला रुमाल चोळतो, त्यात आणि यात काही फरक नाही. दुसरे, पाण्याचे चार थेंब लादीवर टाकून दहा-पंधरा मिनिटे चहा प्यावा. पुसल्यावर तिथे गडद ओला डाग राहिला तर दगड पाणी पितो. तिसरे, कडप्पा ग्रॅनाइट म्हणून गळ्यात मारतात की काय अशी शंका आली तर लादीच्या मागच्या अंगावर खिळ्याने ओरखडा काढून पाहावा, किंवा कोपऱ्यावर लिंबू पिळावे. चुनखडीच्या पॉलिशवर लिंबाचा ठसा राहतो.

चौथे, लादी फिरवून मागून पाहायला सांगावे. मागे प्लॅस्टिकची जाळी चिकटवलेली दिसली तर समजावे की दगड प्रवासात तुटेल अशी भीती कारखान्यालाच होती. जाळीचा प्रत्येक दगड वाईट नसतो, काही उंची दगडही नाजूक असतात. पण मजबूत म्हणून सांगितलेल्या साध्या दगडाला जाळी असेल तर का, हे विचारावे. पाचवे, पाणी मारून लादी तिरपी पाहावी. पाणी सुकताना केसाएवढी भेग ओल धरून राहते आणि रेघ दिसते. दगडाची जन्मजात शीर आणि भेग यांतला फरक नखाने कळतो. शिरेवर नख अडकत नाही, भेगेवर अडकते.

आणि सर्व लाद्या एकाच ठोकळ्यातून निघालेल्या घ्याव्यात. एकाच थानातले कापड आणि दोन वेगळ्या थानांतले कापड, शेड कधी जुळते का? दगडाचेही तसेच.

मापाचा हिशेब

सर्वांत जास्त पैसा जातो तो इथे, आणि इथेच आपण तोंड उघडत नाही. पुष्कळ ठिकाणी लादीचे माप पुढच्या तीन इंचांपर्यंत चढवून धरण्याची रीत आहे. समजा लादी खरोखर ९ फूट ४ इंच लांब आणि २ फूट ७ इंच रुंद आहे. खरे क्षेत्र भरते २४ चौरस फुटांहून किंचित जास्त. पण तीच ९ फूट ६ इंच आणि २ फूट ९ इंच धरली की २६ फुटांच्या वर जाते. एका लादीमागे दोन फूट. भाव समजा १६० रुपये असेल तर सव्वातीनशे रुपये हवेत गेले. चार लाद्या असतील तर तुम्हीच हिशेब करा. रीत असेल तर असू द्या, पण आधी सांगावी. मीटरमागे चार बोटे ढळवणाऱ्या कापडवाल्याला आपण काय म्हणतो, ते इथेही लागू आहे.

जाडी चारही कडांना पट्टी लावून पाहावी. वजनानेही अंदाज येतो. १८ एमएम जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या जवळपास असते. वीस फुटांची लादी नव्वद किलो भरायला हवी.

आता गरजेचा हिशेब. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याला वीस फूट. समोरची चार इंचांची पट्टी धरली तर आणखी सव्वातीन फूट. मागे भिंतीला लावायचा तुकडा वेगळा. म्हणून मिस्त्रीकडून कागदावर नकाशा काढून घ्यावा, आणि कोणत्या लादीतून कोणता तुकडा निघेल हे गुदामात उभे राहून ठरवावे. शिंपी कापडावर खडूने आखतो तसे. दोन फूट रुंदीच्या ओट्यासाठी पावणेतीन फुटी लादी घेतली तर नऊ इंचांची चिंधी उरते. मग तिच्यातूनच समोरची पट्टी आणि मागचा तुकडा काढता येतो का, ते पाहावे. गोल कडेचे काम, ज्याला मोल्डिंग म्हणतात, ते रनिंग फुटावर वेगळे लावतात. सिंकचे भोक, शेगडीचे भोक, चढाई-उतराई, हेही वेगळे. सगळे आधी लिहून घ्यावे.

पक्के बिल घ्यावेच. ग्रॅनाइट आणि संगमरवराच्या लाद्यांवर जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा २८ टक्के होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आणला गेला. १८ टक्के वाचतील म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर उद्या रंग गेल्यावर कुणाच्या दारात जाणार? माझ्याजवळ बिल होते म्हणून निदान बोलता तरी आले, आणि अर्धे पैसे परत मिळाले.

बसवताना

आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या जमिनीवर भराव नीट न दाबता फरशी टाकली आणि त्या फरशीवर ओट्याचे पाय उभे केले, तर एक पाय खचतो आणि वरचा दगड तडकतो. लोक दगडाला दोष देतात, दोष खालच्या मातीचा असतो. ओट्याचे पाय जिथे येणार तिथली काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून ठोकून घ्यावा. दोन पायांतले अंतर फार ठेवू नये. ग्रॅनाइटखाली कडप्प्याचा थर देऊन मध्ये माल भरला तर दगडाला सगळीकडून टेकू मिळतो. पोकळी राहिली की तिथेच एक दिवस खलबत्ता आपटला जातो आणि तिथेच तडा जातो. खलबत्ता नेहमी पायाच्या बरोबर वर ठेवावा. कुर्बानीचे मांस तोडायला लाकडी ठोकळाच घ्यावा, ओट्यावर हाड तोडू नये.

सिंकच्या भोकाचे कोपरे काटकोनी कापू देऊ नयेत. तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. गोलाई ठेवायला सांगावी. भिंत आणि ओटा यांच्या सांध्यात निव्वळ पांढरे सिमेंट भरले तर भिंत हलली की ते निघून येते, आणि तिथून पाणी झिरपते. सिलिकॉन भरावे. ओट्याला सिंककडे किंचित उतार द्यावा, पण एवढा नाही की लाटलेली पोळी घसरेल.

उंची कुणी ठरवावी? मिस्त्री नव्हे, घरमालकही नव्हे. जी बाई रोज तिथे उभी राहणार तिला उभे करावे, कोपरातून हात वाकवायला सांगावे, आणि कोपराच्या चार-पाच बोटे खाली खूण करावी. आमच्या जुन्या ओट्याची उंची माझ्या वडिलांनी स्वतःच्या उंचीवरून ठरवली होती. माझी आई त्या ओट्यापाशी तीस वर्षे खांदे वर करून उभी राहिली.

धूळ

हे शेवटी लिहितो आहे, पण लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठीच. आमच्या ओट्याचे काम करायला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला. हात फार सफाईदार. घरातच ग्राइंडर लावून कोरडी कापणी सुरू केली. पाच मिनिटांत मुलगा दिसेनासा झाला, एवढी पांढरी धूळ. तोंडाला रुमाल. मी म्हटले, "बेटा, पाणी मारून काप." तो म्हणाला, "चाचा, पाण्याने चिखल होतो, घरचे ओरडतात. आणि काम लांबते."

या धुळीत सिलिका असते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ निदान पाचवा हिस्सा असते, कधी त्याहून पुष्कळ जास्त. कारखान्याच्या क्वार्ट्झमध्ये तर बहुतेक सगळी तीच. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो, आणि टीबी लवकर जडतो. मंदसौरचे स्लेट-पेन्सिल कारागीर आणि खंबातचे अकीक घासणारे कारागीर यांनी हे फार भोगले आहे. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळे धोरण करावे लागले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कारखान्यातला क्वार्ट्झ दगड बनवणे, विकणे आणि बसवणे यांवर बंदीच घातली, कारण तो कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले. आपल्याकडे अशी बंदी नाही. कापसाच्या गावात राहणाऱ्याला हे समजायला कठीण नाही, जिनिंग आणि सूतगिरणीत जुन्या कामगारांची छाती कशी भरते ते हिंगणघाट परिसराने पाहिले आहे.

रुमालाचा मात्र भरवसा धरू नका. कापडवाला म्हणून सांगतो, घट्टात घट्ट विणीच्या कापडालाही भिंगाखाली भोके दिसतात, आणि ही धूळ त्या भोकांपुढे राईसमोर रवा. एन-९५ मास्क लागतो, आणि तो चेहऱ्यावर नीट बसलेला लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कापणी ओली हवी. एक मुलगा पाण्याची बारीक धार धरून उभा राहिला तरी बहुतांश धूळ जागीच बसते. विजेच्या यंत्राजवळ पाणी येते म्हणून गळती पकडणारा ब्रेकर लावलेला असावा. शक्यतो मोठी कापणी गुदामातल्या पाण्याच्या कटरवरच करून घ्यावी आणि घरात फक्त जोडकाम ठेवावे. तेही अंगणात. बिल ठरवताना "ओली कापणी" हे शब्द लिहून घ्या आणि त्यासाठी दिवसाची मजुरी जास्त लागली तर द्या. आम्ही त्या मुलाला अंगणात जागा दिली, नळीचे पाणी दिले, काम दीड दिवस लांबले, चिखल घरच्यांनी धुतला.

एक बारीक गोष्ट राहिली. सिंकसाठी भोक पाडल्यावर जो तुकडा निघतो, तो २४ इंच बाय १८ इंच असेल तर तीन चौरस फुटांचा भरतो. त्याचे पैसे आपण दिलेले असतात. मिस्त्री तो ट्रकमध्ये टाकून नेतात आणि कुणी विचारत नाही. कटपीस आपला असतो. आमच्या तुकड्याच्या कडा त्याच मुलाने घासून दिल्या, आणि आता त्यावर पत्नी पोळ्या लाटते.